हेल्मीताई फोन ठेवते म्हणून

ती. हेल्मीताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (उत्तर 'ठीक आहे' असंच येणार हे ठाऊक असून विचारतो. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारावी असं आईनं शिकवलं होतं, आणि आईनं शिकवलेल्यांपैकी एवढी एकच गोष्ट माझ्या हातून न सांडता होते.) कुत्रा बरा आहे ना? सौनाच्या न्हाणीघरातली वाफेची नवी शेगडी धूर करते का अजून? मी मजेत आहे. एप्रिल अर्धा सरला तरी माझ्या खिडकीबाहेर बर्फाचा ढीग तसाच उभा आहे आणि सूर्य आल्यावर स्वयंपाकघरात इतका उजेड होतो की टोपी घालून कॉफी प्यावी लागते. हाताने लिहिलेलं पाकीट बघून दचकली असशील. कोणी गेलेलं नाही. जे आजारी होते ते अजून आजारीच आहेत.

पत्र लिहायचं कारण तुला माहीत आहे. फोनवर माझ्या तोंडातून 'डोळा' हा शब्द बाहेर पडला की तुझ्या बाजूने कट् असा आवाज येतो. पत्राचं बरं असतं, ते ठेवून दिलं तरी टेबलावर तोंड वर करून पडून राहतं, आणि उघडलेलं पाकीट न वाचता बाजूला सारणं तुझ्याच्याने होणार नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो, विषय ऊनाचा आहे. तुझ्या नातीचे डोळे एकदा डॉक्टरांना दाखवावेत असं मला वाटतं. तू म्हणतेस, पोरगी नुसती धांदरट आहे, मामाआजोबावर गेली आहे, बाकी काही नाही. अगदी बरोबर. माझ्यावरच गेली आहे. पण माझ्यावर गेली म्हणजे नक्की कुठे गेली, हे कळायला मला त्रेपन्न वर्षं आणि एक कॉलेज लागलं. ते सगळं इथे लिहितो. मधेमधे भरकटेन, तेवढं सांभाळून घे. आपल्या घराण्याच्या वाट्याला आलेलं सगळं बोलणं एकट्या मला मिळालं आणि सगळं गप्प बसणं तुला, त्याला आता इलाज नाही.

मी कॉलेजात का गेलो याबद्दल गावात बऱ्याच कथा आहेत. (दुकानातल्या सिल्व्हियाच्या कथेत एक नर्सही आहे. ती कोण, हे मलाही जाणून घ्यायला आवडेल.) खरी गोष्ट रस्त्याकडेच्या टपालपेट्यांपासून सुरू होते. बर्फ लोटायची गाडी मी अर्धं आयुष्य चालवली, आणि माझ्या रस्त्यावर ज्या पेट्या माझ्या उजव्या पात्याने उडाल्या त्यांचा हिशोब कोणी ठेवू नये, तू तर मुळीच नको. लोकांनी पेट्या साखळीने टांगायला सुरुवात केली, म्हणजे धक्का लागला की झोका घेऊन जागेवर परत. पास्टरसाहेबांनी आपली पेटी चांगल्या दगडी कट्ट्यात चिणून घेतली. त्या वसंतात चर्चचे लोक त्या कट्ट्याचे दगड वेचत होते. मी पितो अशी बोलवा झाली, आणि मी तर त्या काळात कॉफीखेरीज काही पीत नव्हतो, तीही निम्मी मांडीवर. मग तुझ्या सौनाच्या पायऱ्यांचा प्रकार झाला. पेटी उडवणारा माणूस आपल्याकडे खपवून घेतात, सौनाला धक्का लावणारा नाही, हे मलाही मान्य आहे. ऑफिसने मला गाडीवरून उतरवून फावड्यांच्या कोठारात बसवलं, आणि वर्षभराने, अगदी मान राखून, घरी बसवलं.

नोकरी शोधून देणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर कम्युनिटी कॉलेजचं माहितीपत्रक उघडलं. माझ्या मनात वेल्डिंग होतं. पण वेल्डिंगचा वर्ग सप्टेंबरात सुरू होतो, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर, भर हरणांच्या शिकारीच्या मोसमात, मी वर्गात बसलेला असणार! तसल्या माणसाला आपल्या गावात पुन्हा कोणी कॉफी विचारेल का? जानेवारीत सुरू होणारा एकच अभ्यासक्रम होता, डोळ्यांचा टेक्निशियन. म्हणून मी डोळ्यांकडे वळलो. प्रवेशाच्या मुलाखतीत ट्रेव्हॅरोबाईंनी (या आमच्या मुख्य शिक्षिका) विचारलं, हेच का निवडलंत? माझ्या आधीची मुलगी लोकांच्या आयुष्यात प्रकाश वगैरे सांगून गेली होती. मी हरणांचं सांगितलं. बाई स्वतः बंदूक घेऊन झाडावर बसणाऱ्यांतल्या. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "कारण पटण्यासारखं आहे."

वर्गात सगळ्या पोरी, तुझ्या लेकीपेक्षा, कायसापेक्षाही लहान. पहिल्या दिवशी मी आत आलो तशा त्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं वयाचा मान ठेवला. त्यांना वाटलं मी ट्यूबलाइट दुरुस्त करायला आलोय. एकीने तर बोट वर करून दाखवलं, "तो कोपऱ्यातला लुकलुकतो." आता लगेच खरं काय सांगायचं, म्हणून मीही काही वेळ त्या दिव्याकडे बघत उभा राहिलो. माझ्या जोडीला मॅकेना नावाची मुलगी आली. नखांवर फुलं, कानात पाच-सहा बाळ्या, आणि तोंड माझ्याइतकंच चालणारं, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. ती मला रेनो म्हणते आणि अहोजाहो करते, हे मिश्रण मला आवडतं.

आमचं काम काय ते तुला एकदा सांगतो, म्हणजे चर्चच्या बायकांना तू नीट सांगशील. डॉक्टर यायच्या आधी माणसाला खुर्चीत बसवायचं, काय होतंय ते विचारायचं, तक्ता वाचून घ्यायचा, चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचा दाब मोजायचा, थेंब घालायचे. काय झालंय हे सांगणं आमचं काम नाही, ते डॉक्टरांचं. हे सगळं आम्ही आधी एकमेकांवर शिकलो, आणि तिथेच घोळ झाला. आठवडाभर तोच तोच तक्ता वाचल्यावर सगळ्यांचा तो पाठ झाला आणि वर्गातल्या प्रत्येकाची नजर घारीची निघायला लागली. मॅकेना चष्मा काढून, भिंतीकडे पाठ करून, शेवटची ओळ उलटी म्हणून दाखवायची. ट्रेव्हॅरोबाई नुसत्या डोक्याला हात लावायच्या.

थेंबांचा दिवस तर विचारूच नकोस. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब असतात. ते घातले की काही तास जवळचं सगळं पुसट होतं आणि उजेड सोसत नाही. म्हणून रीत अशी की अर्ध्या वर्गाने एकमेकांच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांना गाडीतून घरी सोडायचं. बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, आणि इकडे दोन्ही अर्ध्यांना वाटलं की पहिला अर्धा आपणच. बाई परत आल्या तेव्हा सबंध वर्ग हरणासारख्या टपोऱ्या बाहुल्यांनी दरवाज्याकडे बघत होता. बाहेर फेब्रुवारीतलं कडक ऊन, जिकडेतिकडे बर्फ, आणि दार उघडताच एकजात सगळ्यांच्या तोंडून किंकाळी! शेवटी बाई पुढे आणि आम्ही एकमेकांच्या कोटाची मागची बाजू धरून त्यांच्यामागे, अशी आमची आगगाडी खाणावळीपर्यंत गेली. तिथे मॅकेनाने माझ्या मांसाच्या पेस्टीवर केचप म्हणून काहीतरी ओतलं. काय होतं ते अजून समजलेलं नाही, पण मी संपवलं. संध्याकाळी पोरींचे बाप एकेक करून न्यायला आले आणि मला कुठल्यातरी पोरीचा आजोबा समजून एकाने त्याच्या गाडीत बसवून आमच्या फाट्यापर्यंत सोडलं. चुकीचा होता तरी भला माणूस होता.

आता जे लिहितो ते जरा सावकाश वाच. मार्चमध्ये कॉलेजात म्हाताऱ्या लोकांसाठी मोफत तपासणीची सकाळ असते. डॉक्टर येतात, आम्ही त्यांच्या हाताखाली. गावोगावचे आपले लोक येतात, तौनोकाका, ती वरच्या तळ्यावरची भावंडं, सगळे. पोरी विचारायच्या, काय त्रास होतोय? आपले लोक म्हणायचे, ठीक आहे. पोरी लिहायच्या, त्रास नाही. माझ्या खुर्चीत तौनोकाका बसला. मी विचारलं, कसं दिसतं? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ठीक आहे." ताई, आपण दोघं ज्या घरात वाढलो तिथे हे थांबणं म्हणजेच उत्तर असायचं. बाबा शेवटच्या आजारात 'ठीक आहे' म्हणायच्या आधी किती थांबायचे, आठवतं? मी काही लिहिलं नाही. नुसता बसून राहिलो. (मला गप्प बसवणारा जगातला एकमेव धंदा मी शोधून काढलाय, हे सिल्व्हियाला सांग.) बऱ्याच वेळाने तौनोकाका खिडकीकडे बघत म्हणाला, "आयनो दोन दिसतात." आयनो म्हणजे त्याची बायको. मी विचारलं, कधीपासून? "नाताळापासून. दोघीही बोलतात." डॉक्टरांनी त्याला त्याच आठवड्यात पुढे पाठवलं आणि आता चष्म्याने त्याला एकच आयनो दिसते. ती म्हणते, थोडा हिरमुसलाय.

तर गेल्या रविवारी मी तुला फोनवर विचारलं, ऊना कशी आहे? तू थांबलीस. मग म्हणालीस, ठीक आहे. मग मी तो शब्द उच्चारला आणि कट्.

आता माशी. मोठ्या माशीचं एक चित्र असतं, वहीच्या पानाएवढं, आणि ते बघायला काळपट चष्मा घालतात. दोन्ही डोळे मिळून काम करतात की नाही, हे त्यावरून कळतं. ज्याचे करतात त्याला माशी कागदातून वर आलेली दिसते, पंख हवेत, केस अंगावर. माणसाला म्हणायचं, पंख चिमटीत धरा बघू. मॅकेनाने चष्मा घातला आणि "ई, शी!" करून खुर्ची मागे ढकलली. दुसरीने हात पुढे केला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. मी बाजूला उभा राहून हसत होतो. मला वाटलं, काय पोरी आहेत, चित्राला घाबरतात! मग माझी पाळी आली. मी चष्मा घातला. चांगली छापलेली माशी होती. मॅकेना म्हणाली, "पंख धरा." मी कागदावर बोट टेकवलं. ती म्हणाली, "रेनो, मस्करी नको. पंख धरा, कागद नको." मी म्हटलं, पंख कागदावरच आहेत की. ती हसायची थांबली. मला वाटतं, तोपर्यंत मलाच काय ते कळलेलं नव्हतं. सबंध वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी त्या सपाट माशीच्या सपाट पंखाला पुन्हा पुन्हा बोट लावून दाखवत होतो, इथे आहे, हा काय, इथे आहे.

ट्रेव्हॅरोबाईंनी मला समोर बसवलं, एकदा हा डोळा झाकला, एकदा तो, आणि मग डॉक्टरांनाही बोलावलं. प्रकार असा आहे. माणसाचे दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या जागेवरून बघतात आणि मेंदू ती दोन्ही चित्रं जुळवतो, त्यातून कुठली वस्तू जवळ आणि कुठली लांब ते कळतं. माझा डावा डोळा लहानपणापासून केसभर आत वळलेला आहे. आरशातही कळत नाही इतका थोडा. मेंदूला चित्रं जुळेनात, तेव्हा त्याने डाव्याचं ऐकणंच सोडून दिलं. उजवा झाकला की डावा बिचारा उठून कामाला लागतो, तक्ता वाचतो, गाडीचा परवाना मिळतो. उजवा उघडला की तो पुन्हा गप्प. त्यामुळे कुठल्याच परीक्षेत हे सापडलं नाही. मला जग तुझ्या दिवाणखान्यातल्या फोटोसारखं दिसतं, आणि मला वाटत होतं सगळ्यांना तसंच दिसतं. दुसऱ्याला कसं दिसतं हे कोण कोणाला विचारतं?

मी बाहेर जाऊन माझ्या गाडीत बसलो आणि रडलो. स्पष्टच लिहितो, कारण फोनवर हे मला सांगता आलं नसतं आणि तुला ऐकता आलं नसतं. पेट्यांसाठी रडलो नाही. मला बाबा आठवत होते. कोठाराच्या मागे ते मला चेंडू टाकायचे, मी हात पुढे करायचो आणि चेंडू नाकावर. पुन्हा टाकायचे, पुन्हा नाकावर. बाबा मारकुटे नव्हते, ओरडायचेही नाहीत. फक्त म्हणायचे, "नीट बघ की रे." मग एका उन्हाळ्यात त्यांनी चेंडू टाकायचं सोडून दिलं आणि मला वाटलं, आपण त्यांच्या मनातून उतरलो. त्यांना वाटलं असणार, पोराला आपल्याबरोबर खेळायचं नाही. दोघंही एकमेकांना काही बोललो नाही. आता ते असते तर मी त्यांना त्या माशीसमोर नेऊन बसवलं असतं. मॅकेना मागून आली, गाडीची काच वाजवली आणि तिच्या डब्यातला अर्धा केक मला दिला. इतकी बडबडी पोरगी, पण शेजारी बसून राहिली.

आता ऊनाकडे येतो. घसरगाड्यांच्या सणाला तुझ्याकडे वाटाण्याचं सूप खायला आलो होतो, तेव्हा तिने मला दूध ओतून दिलं. (म्हणजे मला आणि टेबलाला.) सगळे हसले, तूही हसलीस, आणि मग टेबल पुसताना म्हणालीस, "नीट बघ की गं." मीही हसलो होतो, तेव्हा मला माशी भेटलेली नव्हती. पण आता ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. ओतायच्या आधी तिने काय केलं, तुझ्या लक्षात आलं का? एक बोट पुढे करून पेल्याची कड चाचपली. मग त्या बोटाच्या अंदाजाने ओतलं. मी कॉफी ओततो तेव्हा अस्संच करतो, लहानपणापासून, आणि मला हे कोणी शिकवलेलं नाही. पायरी उतरताना ती पाय हवेत धरून जमीन शोधते. पुस्तक बघताना मान एका बाजूला कलती करते आणि तू तिला सरळ बसायला सांगतेस. ताई, ती नीट बघत होती. मीही नीट बघत होतो. आम्ही दोघंही फार नीट बघतो.

कदाचित काहीच नसेल. मी डॉक्टर नाही, आणि टेक्निशियनसुद्धा अजून अर्धाच आहे, तेव्हा काय आहे ते सांगायचा मला अधिकार नाही. पण हे घराण्यात येऊ शकतं एवढं ट्रेव्हॅरोबाईंनी सांगितलं, आणि दुसरं असं सांगितलं की लहानपणी सापडलं तर बरंच काही करता येतं. कधी नुसता चष्मा पुरतो, कधी चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावून मागे पडलेल्याला कामाला लावतात. ऊना अजून पाच वर्षांची व्हायची आहे. हेच वय. जसजसं वय वाढतं तसतसं ते अवघड होत जातं, म्हणून मी तुझ्या मागे लागलोय. माझ्यासारखं त्रेपन्नाव्या वर्षी सापडलं, तर फार तर एक विनोदी पत्र लिहिता येतं.

तुझे मुद्दे मला पाठ आहेत. एक, आपल्या घरात आळशी कोणी नाही, डोळासुद्धा नाही. (त्याला आळशी डोळा म्हणतात हे मी सांगायलाच नको होतं. नाव मी ठेवलेलं नाही.) दोन, पट्टी लावून शाळेत गेली तर पोरं चिडवतील. चिडवतील, ताई. पण मला पट्टी नव्हती तरी चिडवलंच ना? पट्टी काही महिन्यांनी निघते. आणि जे तू फोनवर बोलली नाहीस ते मी बोलतो, कारण कोणीतरी बोललं पाहिजे. कायसा मालवाहू जहाजावर स्वयंपाक करते, वर्षातले नऊ महिने पाण्यावर, आणि पोर तिने तुझ्या भरवशावर ठेवली आहे. तुला वाटतं की काही निघालं तर लोक म्हणतील, आजीच्या लक्षात कसं आलं नाही? आईच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि तिच्यासारखी आई पंचक्रोशीत नव्हती. डोळे शिकवणाऱ्या कॉलेजात जाऊनही माझ्या ते लक्षात यायला एक छापलेली माशी लागली. इतका थोडा वळलेला डोळा प्रेमाने बघून दिसत नाही. त्याला हात धरून खुर्चीत बसवावं लागतं.

असो. माझं काही मागणं नाही. तुला जे योग्य वाटेल ते तू करशील, नेहमीच करतेस. वेलदोड्याच्या पावाबद्दल आभार राहिले होते, ते इथे मानतो. कॉलेजात नेला होता, पोरींनी फडशा पाडला. मॅकेना कृती मागते आहे. देऊ नकोस, ती जाळेल.

तुझ्या टपालपेटीपासून सध्या सुरक्षित अंतरावर असलेला,
तुझा धाकटा भाऊ
रेनो

ता. क. माझं काही मागणं नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. या गुरुवारी सकाळी दहाला डॉ. पेलेग्रिनींकडे ऊनाच्या नावाने वेळ घेऊन ठेवली आहे. माझं प्रत्यक्ष काम सध्या त्यांच्याच दवाखान्यात चालतं, म्हणून मिळाली. तू तिला घेऊन ये. कायसाला जहाजावर फोन लागला होता. ती म्हणाली, "मामा, माझी परवानगी आहे, पण आईला तू विचार. मला इथे वादळात बरं वाटतं." डॉक्टर यायच्या आधीच्या चाचण्या मीच करणार, आणि खरं सांगतो, मला भीती वाटते. तू शेजारी असलीस तर बरं पडेल. हे तिला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. पट्ट्या आता चित्रांच्याही मिळतात. अस्वलाची आहे, माशाची आहे, एक बर्फ लोटायच्या गाडीची आहे. शेवटची आणू नये असं ट्रेव्हॅरोबाईंचं मत पडलं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुझा फोन आला. तू स्वतःहून फोन केलास हे बघून मी आधी कोण गेलं तेच विचारलं. तू म्हणालीस, ऊनाला घसरगुंडीच्या पायऱ्या पायाने चाचपत चढताना तू मागून पाहत होतीस, आणि विचारलंस, गुरुवारची वेळ किती वाजताची. (कायसाने सांगितलं तर! वादळातूनही तिने सांगितलं.) म्हणजे हे सगळं पत्र फुकट गेलं. तरी टाकतोच, तिकीट लावून झालंय, आणि आपलं फोनवरचं शेवटचं बोलणं उद्या तू नाकारशील म्हणून इथे लिहून ठेवतो. तू विचारलंस, थेंब झोंबतात का. मी म्हटलं, थोडे झोंबतात, मिनिटभर. तू इतका वेळ काही बोलली नाहीस की मला वाटलं पुन्हा ठेवलास. आणि मग म्हणालीस, "मग आधी माझ्या डोळ्यांत घाल. तिला बघू दे, आजीला काही होत नाही ते."